सिग्नलला गरम, हायवेला थंड : छोट्या गाडीचा काटा दर उन्हाळ्यात का चढतो

छोटी गाडी तापते ही तक्रार नाशिकमध्ये मार्च लागला की सुरू होते आणि पाऊस पडला की मिटते. मधल्या काळात कुणी थर्मोस्टॅट बदलतं, कुणी वॉटर पंप, कुणी रेडिएटर उतरवून साफ करून आणतं. थोडे दिवस गाडी बरी चालते. मग एका दुपारी द्वारकेला नाहीतर मुंबई नाक्याला गर्दीत अडकली की तापमानाचा काटा पुन्हा वर. असं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा होण्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. गाडी किती तापते हे प्रत्येक जण सांगतो, कधी तापते हे कुणी सांगत नाही आणि मेकॅनिकही विचारत नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की पाना हातात घेण्याआधी आम्ही ऑपरेटरला विचारतो, केव्हा होतं हे? सुरू करताना, लोड आल्यावर, की दुपारच्या पाळीत? निम्मा शोध तिथेच लागतो. गाडीचंही तसंच आहे. पुढचं सगळं एक लिटरच्या आसपासच्या, इंजिन पुढे असलेल्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे.

पैसे खर्च करण्याआधी काही दिवस नुसतं लक्ष ठेवा. सिग्नलला उभं राहिल्यावर काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, असं असेल तर रेडिएटरला हवा मिळत नाहीये. ओझरच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगानेही चढत असेल तर हवा भरपूर आहे, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, नीट फिरत नाहीये किंवा कमी पडलंय. फक्त घाटात चढत असेल तर गाडीइतकंच चालवणंही तपासावं लागेल. आणि काटा इकडेतिकडे वेडावाकडा उडत असेल, आत्ता वर तर आत्ता खाली, तर बहुधा आत हवा अडकली आहे.

काट्याबद्दल एक खबरदारी. आजकालच्या मीटरमधला काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो हलतच नाही, म्हणजे तो हलला तेव्हा तापमान आधीच पुढे गेलेलं असतं. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा, जास्त तापल्यावर लाल दिवा, आणि मधे काहीच नाही. अशा गाडीला ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर घ्या. गेल्या दहाएक वर्षांतल्या गाड्यांना स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ त्याचं सॉकेट असतं. मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. साधारण ८५ ते १०० अंशांत खालीवर होत राहिलं तर गाडी ठीक आहे. १०५ च्या वर जाऊन तिथेच थांबू लागलं तर पुढे वाचा.

सिग्नलला उभ्या गाडीत काय होतं

गाडी धावत असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज जवळजवळ नसते. उभी राहिली की वारा थांबतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. त्यात एसी चालू. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग, रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच कंडेन्सरमधून गरम होऊन येते. एक लिटरचं इंजिन साठ-पासष्ट हॉर्सपॉवरचं म्हणतात, पण ती ताकद साडेपाच हजार आरपीएमच्या आसपासची. आयडलिंगला त्याच्याकडे फार थोडं असतं आणि त्यातूनच कॉम्प्रेसर ओढायचा असतो. इंजिन हळू फिरतं म्हणून इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा वॉटर पंपही हळू फिरतो. आतलं कूलंट तीन-चार लिटर. रेडिएटर वजन आणि किंमत बघून बेताचा दिलेला. कंपनीने हा हिशोब बरोबर केलेला असतो, पण तो सगळं नवं असताना. पंखा थोडा मंदावला, जाळी थोडी चोंदली, की मोठ्या गाडीत जे खपून जातं ते इथे खपत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि पंखा पंचाण्णवच्या आसपास लागतो. बऱ्याच गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. कमी वेगासाठी वीज ती कमी करणाऱ्या एका रेझिस्टरमधून जाते, जास्त वेगासाठी थेट. आमच्या शेजारच्या वहिनींची गाडी वर्षभर ज्याने छळत होती, तो हाच रेझिस्टर.

त्या रोज इंदिरानगरहून कॉलेज रोडला जातात. गॅरेजवाल्याकडून थर्मोस्टॅट बदलून झाला होता, वॉटर पंपही बदलून झाला होता. मी विचारलं, ‘‘वहिनी, सिग्नलला एसी गार राहतो का?’’

‘‘नाही ना. मायको सर्कलला तर गरम झळा येतात, गाडी सुटली की परत गार. पण उन्हाळ्यात सगळ्यांचंच होतं ना भाऊ तसं?’’

सगळ्यांचं होत नाही. काटा आणि एसी दोन्ही फक्त उभं असताना बिघडतात आणि दोन्ही चालताना सुधारतात, म्हणजे दोघांच्या मधली सामाईक वस्तू शोधायची. ती पंखा. त्यावर वहिनींचं म्हणणं, पंखा तर चालतो, चांगला मोठा आवाज येतो. गॅरेजवालाही हेच म्हणाला होता, आणि दोघांचंही खरं होतं. पंखा चालत होता, पण फक्त मोठ्या वेगावर. कमी वेग मेलेला होता. त्यामुळे तापमान शंभरीपार जाईपर्यंत पंखा गप्प, मग एकदम घरघरून सुरू, मग थोडं उतरलं की पुन्हा गप्प. गॅरेजमध्ये गाडी तापवून बघितली की पंखा लागतोच, म्हणून ‘पंखा ओके’.

हे ओळखायला इंजिन थंड हवं. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, बॉनेट उघडून इंजिन सुरू करा आणि एसी लावा. इंजिन गार असल्यामुळे मोठा वेग लागण्याचं कारणच नसतं. काही सेकंदांत पंखा हळू वेगात फिरायला हवा. फिरला नाही, तर आधी फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नसाठी किंवा आणखी कशासाठी त्याच नंबरचा रिले असतो, तो तात्पुरता अदलाबदल करून बघता येतो. नंबर तंतोतंत तोच हवा. रिले ठीक निघाला तर पंख्याच्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर बघा. वहिनींच्या गाडीत तिथे करंगळीएवढी तारेची कॉइल होती, वाऱ्याने गार राहावी म्हणून मुद्दाम उघडी ठेवलेली. बाहेरून जागेवर दिसत होती. बोट लावलं तर मधोमध गंजून तुटलेली, आणि तिच्या कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी होऊन वितळलेलं. रेझिस्टर आणि कनेक्टर दोन्ही बदलले. नुसता रेझिस्टर बदलला असता तर वितळलेल्या कनेक्टरने तोही पुढे खाल्ला असता. नंतर पूर्ण मे महिना त्यांचा एसी सिग्नलला गार राहिला.

पंखा मोटरला हलकी टपली मारल्यावरच सुरू होत असेल तर ब्रश झिजलेत, मोटर बदला. टपली मारताना इंजिन आणि चावी दोन्ही बंद ठेवा, मग लांब होऊन चालू करून बघा, आणि काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप लागतो हे लक्षात असू द्या. ओढणी, बाही, बोटं लांब.

अजून एक तपासणी फुकटात होते. एसी लावून समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरा. ते आत ओढलं जाऊन चिकटायला हवं. बाहेर फेकलं गेलं तर पंखा उलटा फिरतोय. वायरिंगचं काम झाल्यावर प्लस-मायनस अदलाबदल झाल्याने असं होतं आणि ऐकून अजिबात कळत नाही. एका बाजूला चिकटलं आणि दुसऱ्या बाजूने गळून पडलं तर ती बाजू चोंदली आहे.

कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली माती

सध्या सिंहस्थासाठी शहरात जागोजाग रस्ते उकरलेत. ती धूळ, पावसाळ्यानंतर वणीच्या रस्त्यावर काचेवर आपटणारे किडे, एप्रिलमध्ये सावरीचा उडणारा कापूस, हे सगळं समोरून आत जातं. कंडेन्सर बाहेरून स्वच्छ दिसतो, कारण वॉशिंगवाला तिथे पाणी मारतो. खरा थर त्याच्या मागे, रेडिएटरच्या तोंडावर बसतो. दोघांमध्ये बोटभर फट असते. टॉर्च वरून तिरकी धरली की मळकट नमद्यासारखा थर दिसतो.

समोरून जोरात पाणी मारलं की हा थर अजून घट्ट बसतो, शिवाय हाय प्रेशरच्या गनने ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, बागेच्या पाइपच्या साध्या दाबाने, इंजिन पूर्ण गार असताना. काही गाड्यांत त्यासाठी पंख्याची चौकट सोडवावी लागते. गॅरेजला ‘कूलिंग सिस्टिम बघा’ असं मोघम सांगू नका, ‘पंखा काढून मागून पाणी मारा’ असं सांगा. दर वर्षी फेब्रुवारीअखेर हे एकदा करून घेतलं तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पाणी कुठे जातं

कूलंटची टाकी रिकामी होत असेल तर टाकत राहणं हा इलाज होत नाही. कूलंटचा मार्ग बंद असतो, त्यातून काही उडून जात नाही. कमी होतंय याचा अर्थ कुठून तरी गळतंय किंवा जळतंय.

पहिला संशय झाकणावर. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करतं. त्यावर बहुतेकदा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, इथे साधं पाणी ९८ अंशांना उकळतं. झाकणाने दाब धरला तर तेच पाणी १२० च्या आसपास उकळतं, आणि कूलंट मिसळलं असेल तर त्याहूनही वर. झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं की दाब राहत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि जादा कूलंट साठवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून बाहेर सांडतं.

झाकणात आणखी एक बारीक झडप असते. इंजिन गार झालं की बाटलीतलं कूलंट ती परत रेडिएटरमध्ये ओढून घेते. ती अडकली तर बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असा प्रकार होतो. लोक बाटली बघून निश्चिंत असतात. ज्या गाड्यांना रेडिएटरवर वेगळं झाकण आहे, त्यांनी महिन्यातून एकदा सकाळी, थंड इंजिनवर ते उघडून आत बघा. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा जाड होज पाइप चपटा झालेला दिसला तर झडप गेली, वेगळा पुरावा लागत नाही. नवं झाकण काहीशे रुपयांत येतं. आकडा जुन्यावरचाच घ्या, जास्तीचा घेतला तर जुने पाइप फुटतात.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर दुसरा संशय तिथे. सिलिंडरमधला गॅस दाब सोडताना इतका थंड होतो की दाब कमी करणारा रिड्यूसर गोठेल, म्हणून हीटरच्या पाइपमधून टी (तीन तोंडांचा जोड) काढून गरम कूलंट रिड्यूसरला नेलेलं असतं. म्हणजे कंपनीने न दिलेले जादा सांधे आणि जादा क्लिपा. साध्या स्क्रूच्या क्लिपा उन्हाळ्यात ढिल्या पडतात. गळणारा थेंब गरम इंजिनवर पडून वाळतो, खाली डबकं दिसतच नाही. सांध्याभोवती हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खरपुडी शोधा. कोरड्या सांध्यावरची ती खरपुडी हीच गळतीची खूण.

वॉटर पंप गळायला लागला की त्याच्या खालच्या बारीक भोकातून असाच ओघळ येतो.

आणि पाणी कुठलं टाकता तेही बघा. सोसायटीच्या बोअरचं, शेतावरच्या विहिरीचं, पेट्रोल पंपावरच्या नळाचं पाणी रेडिएटरमध्ये जाता कामा नये. बोअरच्या पाण्यातले क्षार गरम धातूवर बसतात. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत धरला की त्या बुजतात आणि मग हायवेवरही काटा चढू लागतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण तेही अडीअडचणीलाच. नेहमीसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धंअर्धं, किंवा तयार मिश्रण. रंगावर जाऊ नका. हिरवा आणि गुलाबी हा कंपन्यांनी घातलेला रंग आहे, आतलं रसायन मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच हवं. दोन जातींचं एकत्र केलं की गंज रोखणारी द्रव्यं निकामी होतात, कधीकधी चिखलही धरतो.

हायवेला आणि घाटात

मोकळ्या रस्त्यावरही तापत असेल तर गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरचे वरचा आणि खालचा असे दोन्ही पाइप फडक्याने चाचपा. वरचा चटका देणारा आणि खालचा जवळपास गार असेल तर कूलंट पुढे जात नाहीये. थर्मोस्टॅट अडकलाय, रेडिएटर आतून बुजलाय किंवा पंपाची पाती झिजलीत. थर्मोस्टॅट काढल्यावर तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून तापवून बघता येतो. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला आणि पुढे पूर्ण उघडला तर तो निर्दोष आहे, नवा घेऊ नका.

इथे गॅरेजमध्ये दोन उपाय हमखास सुचवले जातात आणि मी दोन्हींच्या ठाम विरोधात आहे. एक, ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, गाडी कधी गरम होणार नाही.’ इंजिनला ठरलेल्या तापमानावर चालायचं असतं. ते थंड राहिलं तर कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये ओल साचते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी आणखी तापते. दुसरा, ‘पंखा डायरेक्ट करून देतो, चावी लावली की चालू.’ त्याने खरा बिघाड झाकला जातो, मोटर सतत फिरून झिजते, आणि एके दिवशी ती बंद पडली की सांगणारी यंत्रणा तुम्हीच तोडलेली असते. कसाऱ्यात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरता पंखा डायरेक्ट करा, आणि पोहोचल्यावर सोडवून मूळ दोष शोधा.

घाटाचं म्हणाल तर, समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईहून येताना कसारा घाट टाळता येतो. पण सप्तशृंगी गडाची नांदुरीची चढण आहेच, सापुताराही आहे. चार माणसं, सामान, एसी आणि तिसरा गिअर घेऊन दीड हजार आरपीएमवर गाडी रेटत नेली की इंजिन कण्हतं, उष्णता भरपूर होते आणि पंप मात्र हळू फिरतो. दुसरा गिअर टाका. आरपीएम तीन हजाराला गेला म्हणून घाबरू नका. पंप जोरात फिरतो आणि इंजिनवरचा ताण उतरतो. फार तापलं तर अवघड वळणांपुरता एसी बंद करा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर ती मॅन्युअल मोडला घ्या, नाहीतर ती पेट्रोल वाचवायला वरचा गिअर धरून बसते.

लाल दिवा लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर जोरात, काचा खाली. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, तो आतली उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा बघून थांबा. पंखा फिरत असेल आणि कूलंट गळत नसेल तर इंजिन मिनिटभर चालू ठेवता येतं. वाफ निघत असेल किंवा पंखाच बंद असेल तर लगेच इंजिन बंद करा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका, इंजिनवर गार पाणी ओतू नका. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनिअमचं असतं, ते वाकलं की काम हजारांत जातं.

हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलंय का, ही शंका सगळं तपासून झाल्यावर घ्या. बाहेर थेंबही न गळता कूलंट कमी होणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं, थंड इंजिन सुरू करताच होज पाइप दगडासारखा कडक होणं, अशा खुणा एकत्र दिसल्या तर गॅरेजला ब्लॉक टेस्ट करायला सांगा. निळं रसायन असतं, कूलंटमध्ये जळका वायू मिसळत असेल तर ते पिवळं पडतं. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधी फेस दिसला म्हणून मात्र हेड उतरवू देऊ नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसती बाष्पाची ओल असते.

काम झाल्यावर कूलंट भरताना घाई झाली तर आत हवा राहते आणि दोन दिवसांनी काटा पुन्हा नाचतो. गाडीचं तोंड थोड्या चढावर ठेवायचं, हीटर गरमवर, झाकण उघडं, आणि थंड इंजिनात सावकाश भरायचं. मग इंजिन आयडलिंगला ठेवून थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली जाईपर्यंत बुडबुडे येऊ द्यायचे, थोडं थोडं भरत राहायचं. पंखा एकदा लागून बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा, बहुतेक वेळा अजून पेलाभर लागतं. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

गॅरेजला जाताना कागदावर तीन ओळी लिहून न्या. काटा कुठे चढला, एसी चालू होता का, गाडी सुटल्यावर किती वेळात उतरला. मेकॅनिकने त्या वाचल्या आणि पहिला प्रश्न पंख्याबद्दल विचारला, तर गाडी त्याच्याकडे सोडायला हरकत नाही.